गोळी देण्याआधी नाडी बघा : बीपी आणि हार्टची औषधं घरी देताना

हार्ट अटॅकनंतर अब्बांना घरी आणलं तेव्हा आमच्या हातात एक फाईल होती आणि गोळ्यांनी भरलेली पिशवी. कोणती गोळी किती वाजता, याचा कागद भाभीने फ्रिजवर चिकटवला. वेळ एक मिनिटही चुकली नाही. चौथ्या दिवशी सकाळी गोळ्या घेऊन थोड्या वेळाने अब्बा वजूसाठी उठले आणि मोरीत तोल जाऊन पडले. अल्हमदुलिल्लाह, हाड मोडलं नाही. बीपी पाहिलं तर वरचा आकडा ८८! गोळी देण्याआधी किती होतं, कुणालाच माहीत नाही. सात वाजले की द्यायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

हॉस्पिटलमध्ये सिस्टर ट्रॉली घेऊन येते, तेव्हा आधी नाडी आणि बीपी बघते आणि मगच गोळी हातावर ठेवते. आकडा फार खाली असेल तर गोळी बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारते. औषधं पिशवीतून घरी येतात, ही तपासणी मात्र वॉर्डातच राहून जाते.

नाडी बघायला मशीन लागत नाही. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, की ठोके अनियमित असतील तर हिशेब चुकतो. आपल्या अंगठ्यानेही मोजू नका, त्यात आपलीच नाडी लागते. बीपी घेताना पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा. पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. चहा किंवा विडी झाली असेल तर अर्धा तास थांबा.

ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘लॉल’ येतं, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, त्या नाडी मंद करतात. डिजॉक्सिनही करते. नाडी ६० च्या खाली असेल तर सिस्टर डिजॉक्सिन रोखते आणि विचारते. ‘लॉल’वाल्या गोळ्यांचा नियम पेशंटप्रमाणे बदलतो, कारण काहींची नाडी डॉक्टर मुद्दाम थोडी कमी ठेवतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच स्पष्ट विचारा, ‘डॉक्टरसाहेब, नाडी किती आणि बीपी किती खाली गेलं तर गोळी थांबवून तुम्हाला फोन करायचा?’ ते दोन आकडे फाईलवर लिहून घ्या. हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

डिजॉक्सिनबद्दल अजून एक. आपल्याकडे ती बऱ्याचदा आठवड्यातून पाचच दिवस लिहितात. घरातला कुणीतरी ‘दोन दिवस राहिले की’ म्हणून शनिवार-रविवारही देतो. तसं करू नका. भूक मेली, मळमळ सुरू झाली, सगळं पिवळसर दिसू लागलं, तर तो या औषधाचा विषारी परिणाम असू शकतो. लगेच डॉक्टरांना गाठा.

फ्युरोसेमाइड म्हणजे लघवीची गोळी. ती सकाळी द्यावी, नाहीतर म्हातारं माणूस रात्रभर अंधारात उठत राहतं. ही गोळी शरीरातलं पोटॅशियम कमी करते. उलट टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवू शकतात. इथेच आपल्या घरातलं प्रेम आडवं येतं. आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळी घेऊन येतो, खाला ‘कमी सोडियमचं मीठ’ आणून देते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्या मिठात सोडियमच्या जागी बहुतेक पोटॅशियमच असतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट द्यायची तर पेशंटला आधी बसवा. उभ्याने घेतली तर बीपी उतरून माणूस कोसळतो. बीपी आधीच खाली असेल तर देऊ नका. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करा, शेजाऱ्याच्या गाडीची वाट बघू नका. आणि एक गोष्ट लाजेपोटी लपवली जाते. सिल्डेनाफिलसारखी ताकदीची गोळी घेतली असेल तर २४ तास, टाडालाफिल असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नका.

गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटून देणारी घरं बरीच आहेत. नावापुढे एक्सएल, एसआर, ईआर किंवा रिटार्ड असेल तर ती गोळी कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम रक्तात उतरतं.

एखादा डोस डॉक्टरांना विचारून थांबवणं वेगळं आणि बरं वाटतंय म्हणून औषधच बंद करणं वेगळं. ‘लॉल’ किंवा क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी उसळतं. स्टेंट टाकलेल्याने क्लोपिडोग्रेल स्वतःहून सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. चुकलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दोन देऊ नका.

रमजानमध्ये नेमकं हेच होतं. सकाळची आणि रात्रीची गोळी इफ्तारला एकदम घेतली जाते आणि तरावीहला उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते. रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी फाईल घेऊन डॉक्टरांकडे जा. काही गोळ्या दिवसातून एकदाच्या करून देता येतात, लघवीच्या गोळीची वेळही बदलून मिळते. रोजा झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर आजाऱ्याला सवलत आहेच.

आमच्या फ्रिजवर आता त्या कागदाशेजारी एक वही लटकते. तारीख, नाडी, बीपी, मग गोळी. भाभी नसली की माझी बारावीतली पुतणी लिहिते. मागच्या महिन्यात तिनेच नाडी ५२ बघून गोळी हातात धरून ठेवली आणि मला फोन केला. डॉक्टरांनी त्या दिवशीचा डोस थांबवला आणि पुढचा अर्धा केला.