काळ्या रानातील ओलीची मोजदाद

परभणी जिल्ह्यातील रब्बीची ज्वारी आकाशातून पडणाऱ्या पाण्यावर फारशी अवलंबून नसते. पावसाळ्याने काळ्या जमिनीच्या पोटात ठेवून दिलेल्या ओलीवरच ती जगते, आणि म्हणून हस्ताचा पाऊस सरून, वापसा येऊन, पेरणी उरकल्यानंतर खालच्या थरांत ओल किती शिल्लक आहे, हा गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या या प्रदेशात कणसाचा, कडब्याचा आणि पाणीपाळीचा प्रश्न होऊन बसतो. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले, परंतु कोणत्याही वाणाची कोरडवाहू रानातील खरी परीक्षा अखेर या ओलीच्या हिशेबातच होते.

हा हिशेब जमीन न उकरता, त्याच जागी पुनःपुन्हा घेता यावा, यासाठी न्यूट्रॉन मापकाची योजना झाली. चॅडविक यांनी १९३२ साली न्यूट्रॉनचा शोध लावला, आणि गार्डनर व कर्कहॅम या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५२ साली त्याचा उपयोग मातीतील पाणी मोजण्यासाठी करून दाखवला. अमेरिसियम व बेरिलियम यांच्या मिश्रणातून निघणारे वेगवान न्यूट्रॉन जमिनीत पुरलेल्या नळीतून चोहीकडे फेकले जातात. गोटीने समान वजनाच्या गोटीवर आदळून आपला वेग गमवावा, तसे ते हायड्रोजनवर आदळून सुमारे अठरा टकरींत मंदावतात, तर ऑक्सिजनशी गाठ पडली असता त्यासाठी दीडशे टकरी लागतात. परतलेले मंद न्यूट्रॉन मोजले की हायड्रोजनचा, आणि पर्यायाने पाण्याचा, अदमास मिळतो.

या ‘पर्यायाने’मध्येच पुष्कळशा चुका दडलेल्या आहेत, कारण हायड्रोजन केवळ पाण्यात नसतो. आमच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचा अंश अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक असून तिच्यातील स्मेक्टाइट खनिजाच्या जडणघडणीतच हायड्रोजन बांधलेला असतो. १०५ अंशांच्या भट्टीत माती सुकवली तरी तो जात नाही, पिकाच्या मुळांना तो कधीच मिळत नाही, मापक मात्र त्याचीही गणना करते. सेंद्रिय द्रव्याचीही तीच कथा. उलट क्लोरीन आणि बोरॉन न्यूट्रॉन गिळून टाकतात. म्हणून मोजलेल्या न्यूट्रॉनवरून ओल काढण्याचे, ॲल्युमिनियमच्या नळीसाठी तयार केलेले समीकरण क्लोरीनयुक्त पीव्हीसी नळीस लावले, तर ओल आहे त्याहून कमी दिसते.

मोजणीतील यादृच्छिक चूक त्या मानाने सौम्य आहे: दहा हजार मोजांत ती शंभराची, म्हणजे एक टक्क्याची असते, आणि मोजणीचा अवधी वाढवला की आणखी घटते. वरच्या वीतभर थरात न्यूट्रॉन हवेत निसटून जातात, तेव्हा तेथील ओल माती खणून, वाळवून, तोलूनच घ्यावी. शिवाय मापकाचे प्रभावक्षेत्र ओल्या मातीत सुमारे १५ सेंटिमीटर त्रिज्येचे, तर कोरड्या मातीत ३० सेंटिमीटरच्याही पुढे जाते. त्यामुळे ओल्या व कोरड्या थरांमधील सीमारेषा पुसट होते.

पण काळ्या रानातील सर्वांत मोठी चूक भेगांची आहे, आणि इतर सर्व चुकांहून तिचाच विचार अधिक व्हावयास हवा. ही जमीन सुकताना आकसते, आणि पुरलेली नळी हीच तिची दुबळी जागा ठरून भेग नळीलगत पडते. मग नळीभोवती हवेची पोकळी राहते व आकडा उतरतो. पुढे अवकाळी पाऊस झाला किंवा पाणी दिले, तर तेच पाणी भेगेवाटे थेट खाली उतरून न्यूट्रॉनच्या उगमाच्या अगदी जवळ साठते, आणि भोवतालचे रान कोरडे असताना खोल थर ओला असल्याची साक्ष यंत्र देते. त्यातच मातीची घनताही ओलीबरोबर बदलत राहते. त्यामुळे भट्टीतील वजनी टक्केवारीचे आकारमानी टक्केवारीत रूपांतर करताना एकच घनता वर्षभर वापरणे हा उघड दोष होय. नळी जमीन ओलसर असतानाच, छिद्रात घट्ट बसेल अशी घालावी, आणि प्रत्येक मोजणीच्या वेळी भेगांची स्वतंत्र नोंद दप्तरात ठेवावी.

यंत्राबरोबर आलेले, परमुलखातील वालुकामय मातीवर बांधलेले समीकरण येथे चालत नाही. ज्या रानाची स्वतःची, ओल्या आणि सुक्या अशा दोन्ही हंगामांतील नमुन्यांवर, त्याच जातीच्या नळीने बांधलेली समीकरणाची रेषा नाही, त्या रानातील न्यूट्रॉनच्या आकड्यावर पाणीपाळी ठरवू नये.