लेजरवरची पट्टी

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातला संगणक कक्ष मी सांभाळतो. निकाल लावणे म्हणजे बटण दाबणे, असा समज प्राध्यापकांमध्येही आढळतो. खरे काम त्याआधी चालते. उत्तरपत्रिकेवर बारकोड असल्यामुळे तपासणाऱ्याला आसन क्रमांक दिसत नाही. गुण आले की बारकोड आणि आसन क्रमांक जुळवायचे, महाविद्यालयांनी भरलेले अंतर्गत गुण त्यात घ्यायचे, ग्रेस आणि एटीकेटीचे नियम लावायचे. मग लेजर निघते.

ते तपासणारी आमची एक सहकारी कंत्राटी आहे, वय तिशीच्या आत. नुसत्या पडद्यावर न विसंबता ती काही पाने छापून घेते आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचते. एकदा संध्याकाळी तिची पट्टी मध्येच थांबली. एका महाविद्यालयाने प्रात्यक्षिकाला गैरहजर असलेल्या मुलांपुढे 'एबी'ऐवजी शून्य भरले होते. बेरीज तीच येते. पण आमच्याकडे गैरहजर मुलाला ग्रेस लागत नाही, शून्य मिळालेल्याला लागू शकतो. "सर, ही फाइल परत मागवू या," ती म्हणाली. मागवली. निकाल एक दिवस पुढे गेला.

रात्री दोन वाजता तिच्या नजरेतून तो रकाना सुटला असता, याबद्दल मला शंका नाही. म्हणून आमच्याकडे रात्री नऊनंतर लेजर तपासायचे नाही आणि ज्याने प्रक्रिया चालवली त्याने तपासणी करायची नाही. ताणतणावावरची व्याख्याने विद्यापीठात होतात, त्यांना माझा विरोध नाही. पण माणसाला आधी झोप लागते, सुटी लागते.

घाई मात्र कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लागला पाहिजे. ते योग्यच आहे. मुलांचे पुढचे प्रवेश अडलेले असतात. पण हा दबाव वरून खाली येतो आणि सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येऊन थांबतो. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनस्क्रीन मूल्यांकन आले, निकाल रखडले आणि राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या काळात स्कॅनिंगच्या आणि सर्व्हरच्या टेबलांवर बसलेल्या माणसांची नावे कुणी विचारली नाहीत.

प्रमुखाने काय करावे? माझ्या मते, फोन स्वतः घ्यावेत. निकालाच्या आठवड्यात प्राचार्यांचे, विद्यार्थी संघटनांचे, वरिष्ठांचे फोन माझ्याकडेच येतात. प्रोग्रामरचा नंबर कुणाला द्यायचा नाही, त्यांना व्हॉट्सॲपच्या गटांतही घालायचे नाही. "कधी लागणार?" हे दर तासाला ऐकणाऱ्या माणसाकडून नीट क्वेरी लिहून होत नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुटी देता येत नाही, कारण तक्रारी तेव्हाच येतात. ती पाळीपाळीने नंतर देतो. कायम कर्मचाऱ्यांना बदली रजा मिळते. कंत्राटी मुलांना ती कागदावर नाही, माझ्या शब्दावर मिळते. माझी बदली झाली की तो शब्दही जाईल. म्हणून यंदा मनुष्यबळाच्या निविदेतच साप्ताहिक सुटी आणि बदली रजेची अट घातली आहे. वित्त विभागाने विचारले, "खर्च वाढेल?" वाढेल, एक माणूस जास्त लागेल. फाइल अजून मंजूर झालेली नाही. टेबलावरून टेबलावर ती मी स्वतः नेतो आहे.