रिकाम्या खुर्चीचे शंभर तास

2021 च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, वेल्डिंगचं काम करणाऱ्या तरुणाने स्वतः घडवलेलं एका माणसाचं हेलिकॉप्टर चाचणीसाठी सुरू केलं. यंत्र जमिनीवरच असताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि आत बसलेला तो तरुण गेला. असं काही घडलं की कुणी त्याला वेडं साहस म्हणतं, कुणी हुशारीची कदर झाली नाही म्हणून हळहळतं. मुद्द्याची गोष्ट राहूनच जाते. हेलिकॉप्टर घरी बांधता येतं. पण ते पहिल्यांदा फिरेल तेव्हा आत माणूस असता कामा नये.

घर ही जागा या यंत्राला परकी नाही. फ्रँक रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरातून कंपनी सुरू केली आणि त्यांचं दोन आसनी आर-22 पुढे जगभरच्या शिकाऊ वैमानिकांचं यंत्र झालं. मात्र त्याआधी सेस्ना, बेल, ह्यूज अशा कंपन्यांत त्यांची अनेक वर्षं गेली होती. पहिलं आर-22 ऑगस्ट 1975 मध्ये उडालं, परवाना मार्च 1979 मध्ये मिळाला. मधली साडेतीन वर्षं चाचण्या आणि तपासण्यांत गेली. मला त्याहून मोलाचे वाटतात आर्थर यंग. प्रिन्स्टनमध्ये गणित शिकलेल्या यंग यांनी 1928 पासून एक तपाहून अधिक काळ हेलिकॉप्टरचा पिच्छा पुरवला, आणि त्या सगळ्या काळात माणूस बसेल असं यंत्र बांधलंच नाही. पेनसिल्व्हेनियातल्या पाओली इथल्या कोठारात ते छोटी मॉडेल्स उडवत, ती कोसळत, मोडलेले भाग बदलून ते पुन्हा उडवत. टोकांना वजनं असलेला एक आडवा दांडा पंख्याला जोडला की यंत्र हवेत स्थिर राहतं, हे त्यांना या मॉडेल्सनी शिकवलं. 1941 मध्ये ते बेल कंपनीत गेले, आणि 8 मार्च 1946 रोजी त्या दांड्यासकट बेल-47 हे अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळवणारं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं.

इतका धीर का लागतो, ते फिरणाऱ्या भागांकडे पाहिलं की कळतं. सहा मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 500 फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी 560 किलोमीटरच्या पुढे जातं. पात्याच्या मध्यावरचं प्रत्येक किलो मुळातल्या बोल्टला चारशे किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढतं. हा ओढा निदान एकसारखा असतो. पण यंत्र पुढे जाऊ लागलं की एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं, दुसऱ्या बाजूचं पाठमोरं होतं, आणि दर फेऱ्याला पातं वाकतं: तासाला तीस हजार वेळा. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा धातू इथे थकतो. मागचा पंखा तर कित्येक पट वेगाने फिरतो. पोलाद एका मर्यादेखालचा ताण जवळजवळ कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, आणि तडा बहुधा वेल्डच्या कडेला आधी जातो. गावातल्या उत्तम कारागिराचा ज्यावर हात बसलेला असतो, तेच इथे दगा देऊ शकतं. दहा मिनिटं सुरळीत चाललेलं यंत्र अकराव्या मिनिटाबद्दल काहीच सांगत नाही.

मग मागचा पंखाच काढून टाकावा, असं कुणी म्हणेल. जपानच्या गेन्नाई यानागिसावा यांनी तेच केलं: त्यांच्या जेन एच-4 मध्ये एकाच आसावर दोन पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून शेपटी लागत नाही. शेपटी गेली, पण पाती आणि त्यांचा थकवा जागच्या जागी राहिला. राइट बंधूंना तरी कुठे प्रयोगशाळा होती, हा दुसरा आक्षेप. होती. 1901 मध्ये त्यांनी सायकलच्या दुकानात वाऱ्याचा बोगदा बांधून पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले, तेही इंजिनाला हात लावण्याआधी.

खरा आक्षेप पैशाचा आहे. माणसाविना चाचणी घ्यायची तर सांगाडा काँक्रीटच्या चौथऱ्याला बोल्टने जखडायचा, खुर्चीत माणसाच्या वजनाची वाळू ठेवायची, भिंतीआडून लांब केबलने इंजिन चालवायचं, दर काही तासांनी भाग उतरवून डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टने तडे शोधायचे, आणि असे निदान शंभर तास काढायचे. तासाला पंधरा लिटर धरलं तरी दीड हजार लिटर पेट्रोल लागेल. खेड्यातल्या वर्कशॉपला ते पेलणारं नाही. त्यातही जखडलेल्या यंत्राला पुढे उडतानाचा ताण कळतच नाही. कागदपत्रांची वाट तर आणखी लांब. कांदिवलीतल्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव स्वतः वैमानिक. त्यांचं विमान 2016 मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात हजारोंनी पाहिलं, तरी उड्डाणाची परवानगी यायला 2019 उजाडलं. वेल्डिंगच्या दुकानातल्या मुलाने ती वाट कुणाच्या भरवशावर धरायची? निदान चौथऱ्याचा प्रश्न तरी सुटण्यासारखा आहे. तालुक्याच्या आयटीआयकडे काँक्रीट, लेथ आणि वेल्डिंगचे शिक्षक आधीपासून आहेत. वाळूची पोती, लांब केबल आणि पेट्रोलचा खर्च एवढंच वाढवायचं आहे.