घराची हवा, भाग ७ : दुबईच्या गच्चीवरचा उपसा पंखा

गच्चीच्या स्लॅबमध्ये दिवसभर ऊन कसं साठतं, हे मागच्या भागात पाहिलं. साठलेली ही उष्णता रात्री घराबाहेर काढण्यासाठी अमेरिकेत एक जुनी सोय आहे. तिथे तिला ‘होल हाउस फॅन’ म्हणतात. आपण उपसा पंखा म्हणू. उतरत्या छपराच्या घरात सगळ्यात वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला भोक पाडून एक दमदार पंखा बसवतात. संध्याकाळी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा थंड झाली की खिडक्या उघडायच्या आणि पंखा लावायचा. तो घरातली गरम हवा पोटमाळ्यात ढकलतो, ती छपराच्या झरोक्यांतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खिडक्यांतून ताजी हवा येते. वातानुकूलनाला लागते त्याच्या अगदी थोड्या विजेत हे काम होतं. त्यामुळे दुबई, शारजा, अबू धाबीत व्हिल्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्याचं विजेचं बिल पाहिल्यावर हा पंखा हवासा वाटला, तर नवल नाही. माझं मत असं की पंखा जरूर बसवावा, पण नोव्हेंबरअखेर ते मार्चअखेर एवढ्याच काळासाठी. उरलेले महिने तो घट्ट झाकून ठेवता येत नसेल, तर त्या वाटेला जाऊच नये. आणि पंखा लावायचा की नाही हे नुसतं तापमान पाहून ठरवू नये, दवबिंदूही पाहून ठरवावं.

दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला उतरली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसू लागते ते तापमान. हवेत प्रत्यक्षात पाणी किती आहे, ते यावरून नेमकं कळतं. दुबईत जुलै-ऑगस्टच्या रात्री पारा तीस अंशांच्या फारसा खाली येत नाही, आणि उथळ, तापलेल्या आखातावरून आलेल्या हवेचा दवबिंदू पुष्कळदा २७ अंशांच्या आसपास असतो. याच आखाताच्या काठी, सौदी अरेबियातल्या धहरानला ८ जुलै २००३ रोजी ३५ अंश दवबिंदू नोंदला गेला होता. आता हिशेब करून पाहू. ३१ अंश तापमान आणि २७ अंश दवबिंदू असलेल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २५ ग्रॅम पाणी असतं. एसीने २४ अंशांवर आणि निम्म्या आर्द्रतेवर ठेवलेल्या खोलीत ते जेमतेम ११ ग्रॅम असतं. फरक १४ ग्रॅमचा. सेकंदाला एक घनमीटर हवा ओढणारा, म्हणजे या जातीतला लहानच पंखा तासाला ३६०० घनमीटर हवा घरात आणतो आणि तिच्यासोबत घरातल्या हवेपेक्षा पन्नास लिटर जादा पाणी. त्यातलं बरंचसं आल्या वाटेने वर निघून जातं, हे खरं. पण घरातल्या फरश्या, एसीचे डक्ट आणि जिप्समची तक्तपोशी २४ अंशांवर, म्हणजे बाहेरच्या दवबिंदूच्या तीन अंश खाली असते. तिथे पाणी धरणारच. गाद्या, पडदे, लाकडी कपाटं ओलावा शोषतात, आणि पहाटे पंखा बंद करून एसी लावला की तो ओलावा काढण्यातच एसीची ताकद खर्ची पडते. पन्नास लिटर वाफ तासाभरात आटवायची तर केवळ त्या कामाला दहा टनांच्या आसपास क्षमतेचं यंत्र लागेल. पंख्याने वाचवलेली वीज अशी व्याजासकट परत जाते आणि वर कोपऱ्याकोपऱ्यात बुरशी येते ती वेगळीच. हाच पंखा पुण्या-नाशिकला एप्रिलमध्ये उत्तम चालेल. दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे पारा विशीपर्यंत उतरतो आणि हवा कोरडी असते. रत्नागिरीत मात्र मे महिन्यात त्याचा उपयोग नाही. घाटावर आणि कोकणात जो फरक, तोच कोरड्या कॅलिफोर्निया आणि दमट दुबईत आहे.

यावर पहिला आक्षेप बरजीलचा, म्हणजे इथल्या जुन्या वायुमनोऱ्याचा येतो, आणि तो वजनदार आहे. दुबईच्या खाडीकाठी अल फहिदी भागात वायुमनोरे असलेली जुनी घरं आजही उभी आहेत. दक्षिण इराणमधल्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती बांधली, म्हणून हा भाग बस्तकिया म्हणून ओळखला जाई. दुबईच्याच शिंदघा भागातल्या शेख सईद अल मक्तूम यांच्या १८९६ सालच्या घरावरही असे मनोरे आहेत. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत कोनाकोनी जाणाऱ्या भिंतींनी त्याचे चार उभे भाग पाडलेले असतात. वारा कुठूनही आला तरी समोरच्या भागातून खाली उतरतो आणि मागच्या भागातून वर निघतो. खालचं तोंड साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर थांबतं, म्हणजे उतरलेली हवा थेट खाली बसलेल्यांच्या अंगावर येते. याच आखाताच्या काठी बाहेरची हवा आत घेऊन पिढ्यान्‌पिढ्या निभावलं, मग पंख्याचं काय बिघडलं, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर मनोऱ्याच्या कामातच आहे. बरजील घर थंड करत नव्हता, तो माणसाच्या घामावर वारा घालत होता. प्रवाळाच्या दगडाच्या, गिलाव्याच्या त्या भिंती बाहेरच्या हवेइतक्याच उबदार होत्या, त्यामुळे त्यांवर दव धरत नव्हतं. आणि ज्यांना जमे ती कुटुंबं कडक उन्हाळ्यात किनारा सोडून खजुरीच्या बागांकडे, झावळ्यांच्या घरांत राहायला जात. शिवाय हिवाळ्यात मनोऱ्याची तोंडं फळ्यांनी बंद करत. म्हणजे बरजील उन्हाळ्यात उघडा आणि हिवाळ्यात बंद, तर आपला पंखा नेमका याच्या उलट. एक अंगाला वारा घालण्यासाठी आहे आणि दुसरा घराची उष्णता बाहेर टाकण्यासाठी. एकाच्या यशावरून दुसऱ्याचा निवाडा करता येत नाही. अबू धाबीजवळच्या मस्दार सिटीत ४५ मीटर उंचीचा नवा वायुमनोरा आहे. त्याच्या माथ्यावर पाण्याचे तुषार सोडून हवा थंड करतात. हवा कोरडी असेल तेव्हाच ही युक्ती साधते, म्हणजे तिथेही प्रश्न शेवटी आर्द्रतेवर येऊन ठेपतो.

दुसरा आक्षेप असा की थंडीत एसी लागतच नाही, मग पंख्यावर पैसे का घालवावेत? पण अमिरातीतल्या पुष्कळ घरांत जानेवारीतही रात्रभर एसी चालू असतो. बाहेर पंधरा-सोळा अंश असताना आतल्या भिंती मात्र दुपारच्या उन्हाने उबदार राहिलेल्या असतात, आणि खिडकी उघडली तरी वारा नसला की हवा हलत नाही. शिवाय महिनोन् महिने बंद ठेवलेल्या घरात रंगाचा, फर्निचरच्या गोंदाचा, फोडणीचा वास कोंडलेला असतो, तो काढायला याहून सोपा उपाय नाही. इथे कोणी धुक्याची भीती घालेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुकं पडतं, मग आर्द्रता शंभर टक्के नाही का? आहे, पण १५ अंशांना शंभर टक्के भिजलेल्या हवेतही घनमीटरमागे तेरा ग्रॅमहून कमी पाणी असतं. हीच हवा घरात येऊन २४ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्क्यांवर येते. जानेवारीतलं धुकं ऑगस्टमधल्या निरभ्र रात्रीच्या मानाने पुष्कळच कोरडं असतं. त्यामुळे हवामानाच्या ॲपवर दवबिंदू सोळा अंशांच्या आत आणि बाहेरचं तापमान घरातल्यापेक्षा कमी दिसलं, की पंखा लावायला हरकत नाही. धुळीचा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. शमाल वारा सुटलेल्या रात्री पंखा बंदच ठेवावा. जाळीने डास अडतात, बारीक धूळ अडत नाही.

पंखा बसवायचा कुठे, हा प्रश्न इथे अमेरिकेपेक्षा वेगळा आहे, कारण बहुतेक व्हिल्यांना पोटमाळाच नसतो. वर सपाट आरसीसी स्लॅब, त्याखाली फॉल्स सीलिंग आणि मधल्या पोकळीत एसीचे डक्ट. या पोकळीत हवा ढकलणं ही मोठी चूक ठरेल. अनेक घरांत एसीची परतीची हवा त्याच पोकळीतून जाते, म्हणजे घरातली गरम हवा फिरून घरातच येईल. स्लॅबला भोक पाडायचं तर सळया कापल्या जातात आणि वॉटरप्रूफिंग फुटतं. यावर चांगली वाट म्हणजे गच्चीवर जिन्याच्या माथ्याशी असलेली खोली. घरातली सगळ्यात उंच, सगळ्या मजल्यांना जोडलेली जागा तीच. गरम हवा आपणहून तिथेच चढते. त्या खोलीच्या भिंतीत, शमालच्या वायव्य दिशेकडे तोंड येणार नाही असा पंखा बसवला तर हवा थेट बाहेर जाते आणि झरोक्यांचा वेगळा खटाटोप उरत नाही. खाली मात्र सेकंदाला एक घनमीटर हवेसाठी निदान एक चौरस मीटर उघडी खिडकी हवी, जाळी असेल तर त्याहून जास्त. खिडक्या बंद ठेवून पंखा लावला तर तो मिळेल तिथून हवा ओढतो. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असलं तर गटाराची हवासुद्धा.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, अमेरिकेतून मागवलेला पंखा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथली भारतासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण हर्ट्झ बदलत नाहीत; साधी एसी (म्हणजे प्रत्यावर्ती विजेवरची) मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि जास्त तापते. तेव्हा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी बनवलेलाच पंखा घ्यावा. दुसरी चूक केबलची. साध्या पीव्हीसी केबलची क्षमता तीस अंशांच्या हवेसाठी मोजलेली असते. उन्हाने तापलेल्या बंद पोकळीत साठ अंशांना ती निम्म्यावर येते, तर नव्वद अंशांपर्यंत टिकणाऱ्या एक्सएलपीई केबलची सत्तर टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून गच्चीजवळून जाणारी केबल एक्सएलपीईची आणि आकाराने एक पायरी मोठी असावी. डीबीमधून, म्हणजे घरातल्या वीज वितरणाच्या पेटीतून, स्वतंत्र एमसीबी आणि ईएलसीबी, पंख्याच्या हाताशी आयसोलेटर, मोटरच्या धातूच्या चौकटीला अर्थिंग, आणि खाली जिन्याजवळ वेग बदलण्याचा स्विच. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी, विकसकाच्या वसाहतीत असेल तर त्याची एनओसी आधी घ्यावी, आणि डीबीला हात परवानाधारक कंत्राटदारानेच लावावा.

या जोडणीत एक इंटरलॉक रिले जरूर घालावा, म्हणजे एसी चालू असताना पंखा लागणारच नाही. पंख्यासोबत येणाऱ्या पत्र्याच्या आपोआप मिटणाऱ्या झडपा उन्हाळ्यासाठी पुरत नाहीत. त्यांच्या फटींतून ओली हवा सतत झिरपते आणि आतून थंड असलेल्या पत्र्यावर थेंब धरतात. आतल्या बाजूने भोकाच्या मापाची, निदान पाच सेंटिमीटर जाडीच्या इन्सुलेशनची झाकणी करून घ्यावी, तिच्या कडेला रबराची पट्टी लावावी आणि मार्च संपला की ती स्क्रूने आवळून आयसोलेटर बंद करावा. पंख्याची किंमत विचारताना या झाकणीचीही किंमत धरावी.