टर्बोचा वारा आणि वीस किलोचा जोर

जळगावहून ठिबकच्या नळ्या नाहीतर पीव्हीसी पाईप भरायचे, फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढायचा आणि सिल्लोड, भोकरदन करत जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी गाठायचं. भरलेल्या पिकअपची खरी परीक्षा या घाटातच होते. निम्म्या चढावर गाडी एकाएकी ओढेनाशी होते, बोनेटखालून सूंऽऽ असा आवाज येतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघू लागतो. ‘टर्बो गेला,’ म्हणून चालक कपाळाला हात लावतो. पुष्कळदा टर्बो ठणठणीत असतो. गेलेला असतो तो टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारा पाईप, आणि तोसुद्धा मधोमध फाटलेला कमीच. बहुधा तो जोडावर निसटलेला असतो.

हा पाईप काय काम करतो? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही टर्बोची युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंट केली. आधी जहाजांची मोठी इंजिनं, मग ट्रक, असा तिचा प्रवास झाला. २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली ती टर्बो डिझेल घेऊन, आणि आज शेतमाल वाहणाऱ्या पिकअपमध्येही टर्बो असतोच. त्याचं चक्र मिनिटाला लाखभर फेरे सहज घेतं.

हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तोच हा प्रकार. मे महिन्यातली ४० अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबाला नेली, की ती साधारण १३५ ते १४० अंशांवर जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवेचं वजन दीडपटच भरतं. तीच हवा, ती निववणाऱ्या इंटरकूलरमधून नेऊन ६० अंशांवर आणली, की वजन पावणेदोन पटीच्या वर जातं. टर्बो ते इंटरकूलर ही पाइपाची गरम बाजू आणि इंटरकूलर ते इंजिन ही थंड बाजू. गरम बाजूचं रबर लवकर कडक होतं. थंड बाजूला दाब जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

कंपनीचा पाईप बहुधा काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचा किंवा रबराचा असतो. वर्षानुवर्षं तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि जोडाजवळ चीर जाते. मग बाजारात मिळणारे ॲल्युमिनियमचे चकचकीत पाईप आणि सिलिकॉनचे रंगीत होज डोळ्यांत भरतात. ‘हे टाका, गाडी पळेल,’ असं विकणारा सांगतो. इथे जरा आकडेमोड करून पाहू.

अडीच लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर ५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपातून हवा सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगानं वाहते. या वेगाला चांगल्या पाइपात घर्षणानं आणि वळणांनी जाणारा दाब फार तर शेकडा दोन-तीन भरतो. तो सगळाच्या सगळा वाचवला तरी चालकाला फरक जाणवणार नाही. ॲल्युमिनियम बोनेटखालची उष्णता हवेला देईल, ही भीतीही फारशी खरी नाही. मीटरभर पाईप ओलांडायला हवेला सेकंदाचा पंचविसावा हिस्सासुद्धा पुरेसा असतो. त्यामुळे जुना पाईप धड असेल, तर ताकदीसाठी नवा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चिरलेला, फुगलेला असेल तर जरूर बदलावा, आणि तेव्हा पैसा टिकाऊपणासाठी मोजावा.

जाड पाईप घेण्याआधी आणखी एक हिशेब करावा. ५ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर. बाहेरच्यापेक्षा एक बार जादा दाब असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा जोर येतो. म्हणजे जोड उपसून काढायला आतून वीस किलोची ढकल सतत चालू असते. व्यास साडेसहा केला की हीच ढकल चौतीस किलोंवर जाते. पाईप मोठा, तेवढा जोडावरचा ताण मोठा. शिवाय मोठ्या पाइपातली जादा जागा हवेनं भरेपर्यंत दाबही थोडा उशिरा चढतो.

या वीस किलोंना थोपवणारी गोष्ट अगदी साधी आहे: पाइपाच्या तोंडाशी उठवलेली गोल कड. होज कडेच्या पलीकडे पूर्ण सरकवायचा आणि क्लिप कडेच्या मागे बसवायची. क्लिप कडेवर बसली तर ती घसरते. होजच्या अगदी काठावर बसली तर रबर कापते. साधी स्क्रूवाली क्लिप मऊ सिलिकॉनमध्ये रुतते, म्हणून तिथे रुंद पट्टीची टी-बोल्टची क्लिप बरी.

दुसरा शत्रू म्हणजे तेल. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ पुन्हा हवेच्या वाटेवर सोडलेली असते, त्यामुळे जुना होज काढला की हात काळा, चिकट होतो. तेवढा थर जोड निसटायला पुरतो. दोन्ही तोंडं पुसून कोरडी करायची. होज चढत नाही म्हणून ग्रीस तर मुळीच लावायचं नाही.

काम थंड इंजिनावर करावं. उघड्या तोंडांत कापडाचे बोळे घालावेत, पण किती घातले ते मोजून. आत राहिलेला बोळा घात करतो. नव्या पाइपात कापकामाचा कीस असतो, तो धुऊन काढावा, कारण इंटरकूलरच्या पुढे तो अडवायला गाळणीच नाही. पाइपावरचा दाबाचा सेन्सर नव्या रबरी रिंगसह बसवावा. सगळे पाईप आधी सैल जोडावेत आणि पट्टा, पंखा, स्टिअरिंग यांना कुठे घासत नाहीत हे पाहून मगच क्लिपा आवळाव्यात. भार आला की इंजिन आपल्या रबरी फाउंडेशनवर डुलतं. गाडी उभी असताना बोटभर दूर दिसणारा पाईप चढावर बॉडीला टेकतो. तो डोल होजनं पचवायचा असतो, म्हणून धातूच्या दोन तुकड्यांत लवचिक होज हवाच.

गळती राहिली तर हवा कमी पडून डिझेल अर्धवट जळतं, धुराची काजळी होते आणि दाब भरून काढायला टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत ही काजळी धुराच्या गाळणीत साचते, आणि ती गाळणी पाइपापेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून गाडी रस्त्यावर काढण्याआधी हवेच्या वाटेचं तोंड बुचानं बंद करून काँप्रेसरची हवा रेग्युलेटरनं एक बारच्या आत सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारावं. जिथे फेस येईल तिथली क्लिप सोडून पुन्हा बसवावी. पहिल्या दोन-चार खेपांत रबर तापून-निवून दबतं. त्यानंतर इंजिन थंड असताना सगळ्या क्लिपांवर एकदा पाना फिरवावा.