चाळिशी लागते तेव्हा

मराठीत चष्म्याला ‘चाळिशी’ असेही एक नाव आहे. वयाचा आकडाच जणू वस्तूला चिकटून बसला. आमच्या पूर्वजांनी कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाचा आधार न घेता, केवळ घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहून हे निरीक्षण नोंदवून ठेवले आणि ते शास्त्रदृष्ट्या अगदी बिनचूक आहे. चाळिशीच्या आगेमागे जवळचे अक्षर पुसट होऊ लागते. गरीब असो वा श्रीमंत, वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करणारे धर्मगुरू असोत वा शेवटच्या बाकावर गुडघे टेकणारा भाविक असो, यातून कोणाचीच सुटका नाही.

डोळ्याच्या बाहुलीमागे निसर्गाने एक पारदर्शक भिंग बसविले आहे. जवळची वस्तू पाहताना ते फुगते, दूरची पाहताना सपाट होते. बालपणी ते इतके लवचीक असते की, दहा वर्षांचे मूल डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरवर धरलेले अक्षरही वाचू शकते. वयाबरोबर हे भिंग कडक होत जाते, फुगेनासे होते आणि स्पष्ट दिसण्याचे जवळचे टोक हळूहळू मागे सरकते. साठीच्या सुमारास ते सुमारे एक मीटरपर्यंत जाऊन पोहोचते. परंतु मनुष्याचा हात तर तेवढा लांब नसतो! हा रोग नव्हे. केस पिकावेत, तसाच हा देहधर्म होय. डोळे गरगर फिरविण्याच्या व्यायामाने किंवा गाजराच्या रसाने तो टळत नाही आणि चष्मा लावल्याने वाढतही नाही. ‘एकदा लावला की सुटत नाही’ ही तक्रार खरी आहे. पण तिचा अर्थ एवढाच की, स्पष्ट दिसण्याची गोडी लागल्यावर अंधूक दिसणे पुन्हा कोणास रुचत नाही.

असे असूनही माणसे लपवितात. मंदिरात प्रथम वाचन करणारे गृहस्थ एके रविवारी घसा बसल्याचे कारण सांगतात, पुढल्या रविवारी गावी जावयाचे असल्याचे सांगतात, आणि महिन्याभरात वाचकांच्या यादीतून त्यांचे नाव गळते. घसा ठणठणीत असतो. पत्राच्या कागदावरचे बारीक अक्षर तेवढे दिसेनासे झालेले असते. वीस-वीस वर्षे ज्यांनी प्रभूचा शब्द मोठ्या आवाजात लोकांपर्यंत पोहोचविला, ते एका चष्म्यावाचून गप्प होतात, आणि आम्ही समजतो की वयोमानाप्रमाणे त्यांचा उत्साह मावळला.

दृष्टी जाऊ लागली म्हणजे स्वभावही बिघडतो, हे पवित्र शास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. तोबिताची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून त्याच्या बुबुळांवर पांढरे पडदे आले. माशाच्या पित्ताचा चमत्कार सर्वांच्या स्मरणात राहतो; पण त्याआधीचा एक घरगुती प्रसंग सहसा कोणी सांगत नाही. तोबिताची पत्नी अन्ना विणकामाची मजुरी करून घर चालवीत होती. धन्याने खूश होऊन तिला मजुरीवर एक करडू दिले. त्याचा आवाज ऐकून हा सात्त्विक, दानशूर मनुष्य तिच्यावर चोरीचा आळ घेतो आणि करडू परत करावयास सांगतो. ते मजुरीवर मिळाल्याचे ती सांगते, तरी त्याचा विश्वास बसत नाही. ज्याला दिसत नाही, तो संशयी होतो. ज्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा होतो. घरातील वडील माणूस अलीकडे उगाच रागावते अशी तक्रार करणाऱ्या सुनांनी आणि मुलांनी, त्यांच्या डोळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली, हे आधी आठवून पाहावे.

चष्म्याचा शोध आमच्या ख्रिस्तसभेच्या अंगणातच वाढला, हेही येथे सांगितले पाहिजे. इ. स. १३०६ च्या फेब्रुवारीत फ्लॉरेन्स येथे डोमिनिकन संघाचे फ्रायर जोर्दानो यांनी प्रवचनात सांगितले की, चांगले दिसण्यासाठी डोळ्यांवर काचा लावण्याची कला सापडून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत, आणि ती शोधणाऱ्यास आपण स्वतः भेटलो आहोत. त्या पहिल्या कारागिराचे नाव इतिहासाला माहीत नाही. पिसा येथील फ्रायर अलेस्सांद्रो देल्ला स्पिना यांचे नाव मात्र मठाच्या बखरीत आहे. पहिल्या कारागिराने आपली कला गुप्त ठेवली. स्पिना यांनी ती वस्तू पाहून स्वतः तयार केली आणि आनंदाने सर्वांस शिकविली, असे ती बखर सांगते. १३१३ साली ते निवर्तले. चष्मा घातलेल्या मनुष्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्रही डोमिनिकनांच्याच मठात आहे: इटलीतील त्रेविझो येथे १३५२ साली तोमाझो दा मोदेना याने कार्डिनल ह्यू यांच्या नाकावर चष्मा चढविला. गंमत अशी की, हे कार्डिनल १२६३ सालीच, म्हणजे चष्मा जन्माला येण्यापूर्वी, देवाघरी गेले होते! विद्वान मनुष्य म्हटला म्हणजे त्याला चष्मा हवाच, ही समजूत तेव्हापासूनची दिसते.

आता आपल्या गावाकडे वळू. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीने येथे कायमचा तळ ठोकला, म्हणून या शहरभागाचे नाव लष्कर पडले. ‘लष्कर’ हा शब्द फारसी, ‘चष्मा’ही फारसी; दोन्ही आम्ही मराठी माणसांनी पूर्णपणे आपलेसे केले. इंदरगंज चौकातून बाजाराकडे निघालेल्या मनुष्यास चष्म्याचे दुकान शोधीत हिंडावे लागत नाही. काचेच्या कपाटांतून शेकडो चौकटी मांडलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आत शिरताच आधी चौकटीपुढे उभे राहते. आमच्या मते येथेच क्रम चुकतो. चौकट ही शेवटची गोष्ट. आधी डोळे, मग नंबर, मग काच आणि नंतर चौकट.

डोळे दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे तपासावेत. निदान चाळिशीनंतर पहिल्या वेळी तरी. खासगी डॉक्टर परवडत नसेल, तर जयारोग्य रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे. यंत्रासमोर हनुवटी टेकून मिळणारा नंबर ही केवळ सुरुवात असते. त्यानंतर चाचणीच्या चौकटीत एकेक भिंग घालून ‘हे बरे की ते बरे’ असे विचारले जाते, तो भाग घाईने उरकू देऊ नये. उत्तर देताना संकोच नको. दोन्ही सारखेच वाटत असतील, तर सारखेच म्हणून सांगावे. ती चौकट डोळ्यांवर ठेवून खोलीत चार पावले चालून पाहावे, आणि नंबर कागदावर लिहून घ्यावा. तो कागद आपला आहे.

एक प्रश्न मात्र डॉक्टर बहुधा विचारीत नाहीत आणि आम्हीही सांगत नाही: काम किती अंतरावरचे आहे? येथे थोडे गणित आले. ज्याचे दूरचे साफ आहे, पण जवळचे सामर्थ्य पूर्ण संपले आहे, अशा वयस्क मनुष्यास ४० सेंटिमीटरवरचे पुस्तक वाचण्यास अडीच नंबर लागतो, ५० सेंटिमीटरवर दोन आणि ६६ सेंटिमीटरवर दीड. मीटरला अंतराने भागावे, एवढाच हा हिशेब. आता वेदीवरचा मिस्साग्रंथ पाहा. तो धर्मगुरूंच्या हातात नसतो. हात पसरून प्रार्थना करताना तो हातभर दूर असतो. हातातील पुस्तकासाठी केलेला चष्मा तेथे उपयोगी पडत नाही. गायनवृंदाच्या पेटीवाल्यांचेही तेच. समोर ठेवलेली वही ना जवळ, ना दूर. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरी दोरीने किंवा टेपने आपल्या कामाचे अंतर मोजून न्यावे. शिवणयंत्रावर बसणाऱ्या भगिनींनी, हिशेबनिसांनी, संगणकावर काम करणाऱ्यांनी हे अवश्य करावे.

दूरचे आणि जवळचे दोन्ही नंबर असतील, तर दोन चष्मे बाळगावे, की एकाच काचेत दोन्ही बसवावेत? बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ सालच्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचे वर्णन केले आहे. वरून दूरचे, खालून जवळचे. त्यातील रेघ ज्यांना आवडत नाही, त्यांच्यासाठी १९५९ साली फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ यांची बिनरेघेची काच बाजारात आली. तीत नंबर वरून खाली क्रमाक्रमाने वाढत जातो. ही काच उत्तम, पण महाग. शिवाय तिच्या दोन्ही कडांना चित्र वाकडे दिसते आणि सवय होण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. आमच्या परिचयाच्या एका सत्तरीतल्या आजींना एका दुकानाने हीच सर्वांत महागडी काच ‘डोळ्यांना चांगली’ म्हणून दिली. त्यांना नजर खाली वळविण्याची नव्हे, तर मान खाली घालून पाहण्याची सवय लावावी लागते, हे कोणी सांगितलेच नाही. घराच्या जिन्याच्या पायऱ्या त्यांना पोहताना दिसू लागल्या. महिनाभर त्या गच्चीवर गेल्या नाहीत आणि मिस्सालाही कोणी हात धरून नेईल तेव्हाच गेल्या. शेवटी त्यांना दोन साधे चष्मे करून दिले, एक चालण्याचा व एक वाचण्याचा. दोहोंची मिळून किंमत पहिल्याच्या निम्मीही झाली नाही. ज्यांची पावले आधीच डळमळतात, त्यांनी हा साधा मार्ग आधी विचारात घ्यावा.

रस्त्यावर किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तयार चष्म्यांविषयी पुष्कळ भीती घातली जाते. खरे सांगावयाचे तर त्यांनी डोळे बिघडत नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तर काम भागते. नसेल, तर डोके दुखते. त्यांचा खरा तोटा निराळाच आहे. तयार चष्मा घेतला की तपासणी राहून जाते, आणि चाळिशीनंतरच्या तपासणीत नंबर ही सर्वांत किरकोळ गोष्ट असते. काचबिंदू हा चोरपावलांनी येतो. डोळा दुखत नाही, समोरचे अक्षर स्वच्छ दिसते. कडेची दृष्टी मात्र आत आत आकसत जाते आणि जे गेले, ते कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. वेळीच कळल्यास थेंबांनी तो रोखता येतो. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणास तो असेल, तर तपासणी टाळणे हा निव्वळ अविचार होय. मधुमेही मनुष्याचा नंबर वरचेवर बदलू लागला, तर दुकानदारास दोष देण्याआधी रक्तातील साखर पाहावी; साखर चढउतार करीत असताना केलेला चष्मा पुढे उपयोगी पडत नाही. मागच्या पडद्याची तपासणी तर त्याने दरवर्षी करावयाचीच.

आणखी एक फसवा आनंद आहे. पासष्ट-सत्तरीचे आजोबा एक दिवस सांगतात, ‘मला आता चष्म्यावाचून वाचता येते!’ घरात कौतुक होते. प्रत्यक्षात डोळ्यातील भिंग मोतीबिंदूने घट्ट होऊ लागलेले असते. त्यामुळे जवळचे काही काळ सुधारते आणि दूरचे बिघडते. अशा वेळी पेढे वाटण्याऐवजी डॉक्टर गाठावेत. आणि डोळ्यापुढे एकाएकी वीज चमकल्यासारखे होऊ लागले, काळे ठिपके पुष्कळ वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

मुलांविषयी थोडक्यात. मूल तक्रार करीत नाही, कारण सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणारे, मान तिरकी करणारे किंवा पुस्तकाला नाक लावणारे मूल दिसले, की त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी डोळे तपासावेत. एक डोळा आळशी राहिला असेल, तर लहानपणीच उपचार चांगला लागू पडतो. मुलांना रोज उजेडी बाहेर खेळावयास सोडावे. दूरचे न दिसण्याचा दोष त्याने उशिरा येतो, असे अभ्यासांती दिसून आले आहे.

घरातील पैसा वाटताना चष्म्याची पाळी सर्वांत शेवटी कोणाची येते, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे. तांदळातले खडे निवडणारी, सुईत दोरा ओवणारी आई ‘मला काय वाचायचे असते’ असे म्हणते आणि आपण ते मानतो. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या मजुरांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचा साधा चष्मा दिला गेला, त्यांचे पाने खुडण्याचे काम इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. त्या मजुरांपैकी बहुतेक स्त्रिया होत्या, आणि त्यांना हवी होती ती पुस्तके नव्हेत, कोवळी पाने ओळखणारी नजर होती.

आमच्या धर्मग्रामांना एक सूचना करावीशी वाटते. वाचनमंचाच्या खणात दीड, दोन आणि अडीच नंबरांचे तीन तयार चष्मे ठेवावेत. खर्च मेणबत्त्यांच्या एका खोक्याहून फारसा अधिक येणार नाही. आपला विसरलेल्या वाचकास किंवा अजून मनाशी कबुली न दिलेल्या वाचकास ते निमूटपणे उचलता येतील. आणि वाचनाचा कागद मोठ्या टाइपात छापावा.

राहता राहिली निगा. ग्वाल्हेरची धूळ आणि मे महिन्याचे ऊन हे चष्म्याचे दोन शत्रू. कोरड्या काचेवर सदऱ्याचे टोक फिरविले, की धुळीचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी पाण्याखाली धरावी, मग मऊ कापडाने पुसावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत चष्मा ठेवू नये, प्लॅस्टिकच्या काचेवरील लेप तडकतो. मुलांसाठी न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच मागून घ्यावी. चष्मा दोन्ही हातांनी काढावा. एका हाताने ओढल्यास दांडी फाकते, काच नाकावरून घसरते आणि नंबर बरोबर असूनही अंधूक दिसू लागते. असे झाल्यास नवा चष्मा करण्याची घाई नको. ज्या दुकानातून घेतला, तेथे जाऊन दांड्या बसवून घ्याव्यात. इंदरगंजात काय किंवा अन्यत्र काय, चांगला दुकानदार या कामाचे पैसे घेत नाही.