आगोट आणि अवेळचं वारं

मे महिन्याचे शेवटचे दहा दिवस म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर आगोटीची घाई. कौलं चाळून घर शाकारायचं, पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची झडी बांधायची, लाकडं कोरड्यात रचायची, तांदूळ, मीठ, कोकमं, सुके बांगडे यांची बेगमी करायची. होड्या वाळूत वर ओढून त्यांनाही चुडतांनी शाकारायचं. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच त्या पाण्यात. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून ही तयारी चालत आली आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पण तिच्या मुळाशी एक भरवसा होता: संकट यायचं ते मृगाला.

हा भरवसा मोडला फयान चक्रीवादळाने. नोव्हेंबर २००९. नारळ देऊन तीन महिने झालेले, हंगाम भरात, नौका खोल समुद्रात. ११ नोव्हेंबरला हे वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं, पण त्याआधी कोकणच्या समुद्रातल्या नौका त्याच्या तडाख्यात सापडल्या होत्या. कितीतरी खलाशी परत आलेच नाहीत. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर बाहेर गेलं की मोबाईलची रेंज संपते. घरच्यांना दिसत असलेली बातमी तांडेलाला कळवायला मार्ग नव्हता. त्या नोव्हेंबरात बायका किनाऱ्यावर बसून होत्या, ते आठवलं की इशारा ‘दिला’ आणि ‘पोहोचला’ यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः दोन वेळा उठतात, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर. ऐन मोसमात वरच्या थरांतले आणि खालचे वारे इतक्या वेगवेगळ्या दिशांनी वाहतात की वादळाचा भोवरा उभाच राहू शकत नाही. म्हणजे आम्ही ज्या दोन महिन्यांसाठी होड्या शाकारून ठेवतो, ते चक्रीवादळाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात निवांत. वादळ येतं तेव्हा एक तर झाडावर आंबा असतो, नाहीतर जाळं पाण्यात.

२०१९ने हे पुन्हा शिकवलं. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. क्यार आलं ते ऐन दिवाळीत. ते आमच्या किनाऱ्याला लागलं नाही, लांबूनच ओमानच्या दिशेने वळलं. तरी उधाणाने देवबागची झोप उडवली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर माडांखाली घरं. तिथे पाणी आलं तर मागे सरकायचं कुठे? वादळाचा मार्ग नकाशावर दूर दिसला म्हणजे आपण सुटलो, हा समज तेव्हा गेला. देवगडचं सुरक्षित बंदर मात्र आसऱ्याला आलेल्या परक्या नौकांनी भरून गेलं होतं.

बंदरावर लागणाऱ्या वादळाच्या इशाऱ्याच्या बावट्याबद्दलही असाच गैरसमज. ‘कितवो बावटो लागलो?’ हे किनाऱ्यावर सगळेच विचारतात, पण एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्राबद्दल बोलतात, तीन नंबर खुद्द आपल्या बंदराबद्दल, हे पोरांना शाळेतच कळायला हवं असं मला फार वाटतं.

२०२०चं निसर्ग चक्रीवादळ रायगडवर गेलं. २०२१चं तौक्ते मात्र आमचं. १६ मेला ते सिंधुदुर्गसमोरून उत्तरेला सरकलं, तेव्हा इशारा चांगला आधी मिळाला होता. पण देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौकांचे दोर तुटले आणि त्यांवरचे खलाशी बुडाले. बंदरात आलेली नौका सुखरूप असं आम्ही धरायचो, पण तिच्यावर राखणीला थांबलेला माणूस? नौका वाचवायची म्हणून माणूस वर ठेवायचा नाही, हा धडा फार महाग पडला. जमिनीवर झाडं तारांवर पडली, खांब मोडले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही, फोन बंद. आणि हे सगळं करोनाच्या दुसऱ्या लाटेत. बेगमीच्या यादीत तोवर बॅटरी नव्हती, रेडिओ नव्हता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदपत्रं नव्हती.

त्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी मांडलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. आम्हाला आकडा नवा होता, अनुभव नव्हता.

उपाय पुढे सरकले आहेत. रेंजबाहेरच्या नौकेला उपग्रहावरून इशारा देणारं ‘जेमिनी’ उपकरण २०१९मध्ये आलं, २०२४मध्ये एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. लहान होडीवाल्याच्या हातात यातलं काय पडतं, ते मी दर हंगामात विचारत राहणार आहे.

आणि मग मे २०२५. २५ तारखेला मोसमी पाऊस देवगडला पोहोचला. मासेमारी बंदी १ जूनपासून, होड्या अजून पाण्यात, कौलं चाळायची राहिलेली, चुडतं विणून झालेली नाहीत. आगोटीआधीच पावसाळा. तेव्हापासून आमच्याकडे शाकारणी गुढीपाडवा झाला की लगेच काढतो. दसऱ्यानंतर दुसरी फेरी असते: घरावर आलेल्या माडाच्या झावळ्या उतरवायच्या, बॅटऱ्या भरायच्या, होडीचे दोर तपासायचे, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे ते वाडीत पुन्हा एकदा विचारून घ्यायचं.